उत्तर न दिल्यास

"बाई, तुम्ही एका खोलीत शिरलात. शिरताना चार माणसांनी बघितलं. बाहेर पडताना कुणीच बघितलं न्हाई. तर तुम्ही कुटं हाय, असं धरायचं?"

गिरणीतल्या नोकरीच्या मुलाखतीत मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी होटगीहून सकाळच्या पॅसेंजरने आले होते. टायपिंगचा वेग विचारतील, वडील रेल्वेत काय करतात ते विचारतील, लग्नाचं तर नक्कीच विचारतील, म्हणून सगळ्याची उत्तरं गाडीत घोकली होती. हे कुठून काढलं या माणसाने? टेबलामागे तिघे होते. मधले लेबर ऑफिसर साठे साहेब कंटाळून पंख्याकडे बघत होते. प्रश्न विचारणारे कडेला बसले होते. उंच, सावळे, कपाळावर विभूतीच्या तीन पट्ट्या, खिशात तीन रंगांच्या पेन्सिली. मी जरा फणकाऱ्यानेच म्हटलं, "घरी गेले असेन. आणखी कुठं जाणार?"

त्यांनी ते हिरव्या पेन्सिलीने लिहून घेतलं. "सगळेच असं म्हणत्यात की," ते म्हणाले, आणि मला वाटलं, गेली नोकरी. पण पंधरा दिवसांनी पत्र आलं. आलेल्या सगळ्या उमेदवारांत या प्रश्नावर चिडलेली मी एकटीच होते, म्हणून मला घेतलं, असं त्यांनी पुढे कधीतरी सांगितलं. "चिडलं म्हंजे प्रश्न आत शिरला," असं त्यांचं म्हणणं. हे मल्लिनाथ कलशेट्टी. मूळचे अक्कलकोटकडचे, घरी कानडी बोलणारे. अख्खी गिरणी त्यांना अण्णा म्हणायची, आणि आठवड्याभरात मीही अण्णाच म्हणू लागले.

सत्तरच्या दशकातली ती शेवटची वर्षं. गिरणीचं नाव मी घेत नाही, नाहीतरी ती आता नाही. गिरणीने हजेरीसाठी कॉम्प्युटर घेतला होता. खोलीभर मशीन, आणि त्याला चोवीस तास गार हवा. सोलापूरच्या उन्हाळ्यात माणसं घामाने निथळत असताना मशीनला थंडी पुरवायची, यावरून कामगारांनी आम्हाला कमी टोमणे मारले नाहीत. मशीनची खोली फाटकाबाहेरच्या ऑफिसात होती. माझं काम पत्ते पाडायचं, म्हणजे जाड कागदाच्या लांबट पत्त्यांवर भोकं पाडायची. त्या भोकांतूनच मशीनला काय ते कळायचं.

हजेरीचा प्रोग्रॅम मात्र आम्ही लिहिणार नव्हतो. तो मुंबईच्या एका कंपनीकडे तयार होता. त्याला पॅकेज म्हणत. पण शिंप्याला माप दिल्याशिवाय सदरा होत नाही, तसंच हे. बसवण्याआधी कंपनीच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. पाळ्या किती, सुट्टीचा वार कोणता, बदली कामगार कसे धरायचे. उत्तरांचे पत्ते पाडून मुंबईला पाठवायचे. त्या मापाने ते पॅकेज बेतून, टेपवर चढवून पाठवणार. एकदा टेप आली की बदल करायचा तर पुन्हा मुंबई, पुन्हा सहा महिने. ही मापं ठरवण्याचं काम अण्णांकडे होतं, कारण वीस वर्षं त्यांनी फाटकावर हजेरी कारकुनी केली होती. गिरणीतला प्रत्येक खाचखळगा त्यांना पाठ होता.

कंपनीचा कागद आला तेव्हा त्यात चाळीस प्रश्न होते. अण्णांनी तो वाचला, घडी घातली आणि खिडकीची फट बुजवायला वापरला. "हे माप न्हाई. ह्यो अंदाज हाय," म्हणाले. मग त्यांनी स्वतःचे कागद आखले. एका प्रश्नाला एक अख्खा कागद, त्यावर तीन घरं. पहिल्यात प्रश्न, दुसऱ्यात उत्तर, आणि तिसऱ्याच्या डोक्यावर लाल पेन्सिलीने लिहिलेलं: उत्तर न दिल्यास. साहेबांनी काही ठरवलंच नाही, तर मशीनने काय धरून चालायचं, ते त्या तिसऱ्या घरात. मुंबईहून आलेला तरुण इंजिनियर ते कागद पुन्हा पुन्हा चाळत बसला. अशी मांडणी आमच्याकडेही कोणी केलेली नाही, म्हणाला, आणि अण्णांचे कागद जसेच्या तसे मान्य करून गेला.

तिसरं घर अण्णा कधी रिकामं ठेवत नसत. "रिकाम्या घरात कोण येऊन ऱ्हाईल सांगता येत न्हाई, बाई," असं ते म्हणायचे. आणि त्यांची आणखी एक सवय होती. नवा प्रश्न लिहिला की तो मोठ्याने वाचायचे, मग थांबायचे. डावा कान जरा खाली करून, समोरच्या भिंतीकडे बघत. पाच-सात सेकंद. कधी मान हलवायचे, कधी प्रश्नातला एखादा शब्द खोडायचे. समोर भिंतीशिवाय काही नसायचं, मी शंभरदा बघितलं आहे. पहिल्यांदा मला हसू आलं. मग मी तिकडे पाठ करून बसायला लागले.

त्यांचे प्रश्न विचित्र असत. एकतिसावा प्रश्न: एकाच नावाचे, एकाच बापाच्या नावाचे, एकाच गावचे दोघे एकाच दिवशी कामाला लागले तर? साठे साहेब खो खो हसले. पुढच्याच महिन्यात एकाच भावकीतले दोघे फाटकावर उभे राहिले, आणि दोघांच्या बापांची नावंही एकच निघाली. अठ्ठावन्नावा प्रश्न: मेल्याची नोंद झालेला कामगार स्वतः ऑफिसात आला तर? त्यावर कोणी हसायच्या आत नातेपुत्याचा एक जण टेबलावर हात आपटत उभा. गावच्या कुणीतरी कार्ड पाठवून त्याला मेला म्हणून कळवलं होतं आणि आमच्या कारकुनाने इमानेइतबारे त्याचं नाव कापलं होतं. "आवो, मी जित्ता हाय की! हात लावून बगा!" तो ओरडत होता, आणि खरंच कोणी हात लावायला तयार नव्हतं.

त्यानंतर गिरणीत कुजबुज सुरू झाली. अण्णा इचारत्यात ते व्हतंय. रिळाच्या खात्यातल्या बायका त्यांना बघून रस्ता बदलायला लागल्या. एकजण तर हात जोडून म्हणाली, "अण्णा, आमच्या खात्याचं काय बी इचारू नगा. लेकरंबाळं हायत आमास्नी." मी मात्र त्यांची फिरकी घ्यायची. "अण्णा, माझ्या पगारवाढीचा एक प्रश्न टाका की तेवढा!" ते हसले नाहीत. "चांगल्याला प्रश्न लागत न्हाईत, बाई. चांगलं आपोआप मावतंय. ज्याला जागा न्हाई त्याच्यासाठी प्रश्न करायचा."

एकशे बाराव्या प्रश्नावर घोडं अडलं. कामगाराचे दोन पत्ते असणार होते. आत येताना पांढरा पत्ता फाटकावरच्या एका पेटीत टाकायचा, बाहेर पडताना पिवळा दुसऱ्या पेटीत. प्रत्येक पाळीनंतर दोन्ही पेट्या आमच्याकडे येणार आणि मशीन यादी छापणार: आत असलेले. तर प्रश्न असा. पांढरा पत्ता पडला, पिवळा पडलाच नाही. अशा माणसाला किती वेळ आत धरायचं?

"एक पाळी," साठे साहेब म्हणाले. "पाळी संपली की गेला. पिवळा टाकायला विसरला असणार. भोंगा झाल्यावर कसे पळतात तुम्हाला माहीत नाही का?"

"माहीत हाय की. वीस वर्षं बघितलं."

"मग झालं तर."

"मग लिहून सही करा, साहेब."

साहेबांनी पेन उचललं, कागदाकडे बघितलं आणि पेन ठेवलं. ते वाईट नव्हते. पण सही म्हटली की त्यांच्या हाताला मुंग्या यायच्या. उद्या काही झालं तर युनियनवाले हाच कागद नाचवतील, ही भीती. म्हणाले, "लिहायचं कशाला? तोंडी समजा."

अण्णा उठून उभे राहिले. "तोंडी उत्तराला भोक पडत न्हाई, साहेब."

त्या कागदाचं तिसरं घर मी वाचलं होतं. अण्णांनी लिहिलं होतं: उत्तर न दिल्यास, कामगार आतच आहे. कोणीतरी त्याला डोळ्यांनी बघून तशी सही करेपर्यंत आत. आठ दिवस झाले, पंधरा झाले, अण्णा रोज तो कागद साहेबांपुढे ठेवायचे आणि साहेब म्हणायचे, बघू. मला राग यायला लागला. साहेबांचा नव्हे, अण्णांचाच. एका दुपारी मी तोंडावरच म्हटलं, "अण्णा, रोज वीस-पंचवीस माणसं पिवळा पत्ता विसरणार. रोज वीस-पंचवीस जणांना गिरणीभर शोधत फिरायचं? कशाला हा हट्ट? कोण राहणार आहे आत?"

त्यांनी घड्याळ बघितलं. तीनला दहा कमी होते. "चला," म्हणाले.

कापसाच्या गोदामात मी तोवर गेले नव्हते. बाहेर रखरखीत ऊन, आत दिवसाढवळ्या तिन्हीसांजेसारखं. छताला टेकतील एवढ्या गाठींच्या थप्प्या, मधून माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट. पण अंधारापेक्षा दुसऱ्याच गोष्टीने मी थबकले. आवाज नव्हता. गिरणीचा तो घरघराट, जो आमच्या ऑफिसातसुद्धा दातांत जाणवायचा, तो दारातून आत पाऊल टाकताच कोणी पुसल्यासारखा गेला. मी चपला घासून बघितल्या. माझ्याच चपलांचा आवाज मला धड येईना.

"कापूस आवाज खातो," अण्णा म्हणाले. "हितं माणूस वरडला तर दारातल्याला ऐकू जात न्हाई."

आणि मग एका थप्पीशी उभं राहून त्यांनी मला सायबण्णाची गोष्ट सांगितली. तेव्हा पत्ते नव्हते, पितळी बिल्ले होते. आत येताना कामगार आपला बिल्ला फळ्यावर टांगायचा, जाताना काढून न्यायचा. न्यायला पुष्कळजण विसरत. म्हणून हजेरी कारकुनांचा रिवाजच होता, पाळी संपली की फळ्यावर उरलेल्या बिल्ल्यांसमोर स्वतःच 'गेला' लिहायचं आणि वही मिटायची. सगळेच लिहायचे, अण्णाही लिहायचे. एका संध्याकाळी सातशे चौदा नंबरचा बिल्ला उरला. सायबण्णा, गाठी वाहणारा. अण्णांनी लिहिलं, गेला.

"दुसऱ्या दिवशी त्याची बायको फाटकावर आली. घरी आला न्हाई म्हणाली. मी वही उघडून दाखवली. गेलाय की बाई, हे बघ, माझ्या अक्षरात हाय. तिला वाचता येत न्हवतं. पण माझ्या बोटाकडं बघून तिनं मान हलवली. तिसऱ्या दिवशीबी आली. परत बोट दाखवलं. मग लोक म्हणाले, कुणाला तरी घेऊन पळाला असेल मुंबईला. ती यायची थांबली."

अण्णांनी समोरच्या गाठीवर तळवा टेकवला.

"अकरा दिवसांनी ही थप्पी उचलली. मागं भिंतीत आणि गाठींत सापडला. वरची गाठ सरकून वाट बंद झालेली. अंगाला कुटं लागलेलं न्हवतं, बाई. भिंतीवर नखानं रेघा वडल्या हुत्या. एक भोंगा, एक रेघ. सात रेघा." त्यांनी थप्पीमागच्या फटीत हात घातला आणि भिंत चाचपली. "तिसरी रेघ वडली तवा मी तिच्या बायकोला वही दाखवत हुतो."

'तिच्या' नव्हे, 'त्याच्या' म्हणायचं होतं त्यांना. इतक्या वर्षांनीही त्यांचा आवाज फाटला होता. कोणी कोणाचं सांत्वन करावं अशी ती गोष्टच नव्हती.

तेवढ्यात तीनचा भोंगा झाला. गोदामात तो फार लांबून आल्यासारखा वाटला. अण्णांनी दोन्ही हात तोंडाशी नेले आणि हाक दिली, "सातशे चौदा! हाय का?" मग डावा कान जरा खाली करून ते थांबले, भिंतीसमोर थांबायचे तसे. मला तेव्हा कळलं ते रोज कशासाठी थांबतात. मी पाच-सात सेकंद मोजत होते. आणि थप्पीमागून, भिंतीवरून, एकदाच आवाज आला. खर्र.

कापसाच्या गोदामात उंदीर असतात. मीही तेच म्हणते. पण उंदीर एकदाच खरवडत नाही, आणि भोंग्याची वाट बघत नाही. मी अण्णांना मागे टाकून उन्हात पळाले, आणि घरी जाऊन आईला सांगितलं की ऊन लागलं.

शेवटी मुंबईची तारीख आली. सगळे कागद माझ्याकडे पत्ते पाडायला आले. एकशे बाराव्याचं उत्तराचं घर तसंच कोरं होतं. साठे साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "शेळके बाई, त्या एकशे बाराला एक पाळी पाडून टाका. अण्णांना सांगायची गरज नाही." मी म्हटलं, "साहेब, कागदावर लिहून द्या, लगेच पाडते." ते म्हणाले, "तुम्हीसुद्धा?" माझी नोकरी अजून कच्ची होती, घरात धाकट्या दोन बहिणी होत्या, आणि साहेबांनी मनात आणलं असतं तर मी दुसऱ्या दिवसापासून होटगीत भाकऱ्या थापत बसले असते. अण्णांनी मला एका शब्दाने गळ घातली नाही. उलट म्हणाले, "साहेब सांगतील तसं करा, बाई. तुमचं पोट हाय." यानेच मी पेटले. कोरं म्हणजे कोरं. मी त्या जागी भोक पाडलं नाही. पत्ते मुंबईला गेले आणि मशीनने अण्णांचं तिसरं घर धरलं.

टेप आली, पॅकेज बसलं. पहिले दोन महिने आमचा उद्धारच चालला होता. रोज यादीत वीस-पंचवीस नावं, रोज पहारेकरी त्यांना शोधत फिरणार, आणि ती माणसं घरी आमटीभात खात बसलेली. मग दुसऱ्या दिवशी ज्याने त्याला बघितलं त्याने 'पाहिल्याचा दाखला' भरायचा. हा फॉर्मही अण्णांनीच आखलेला: मी या कामगारास स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, ठिकाण, वेळ, सही. तो पिवळ्या पेटीत टाकला की नाव यादीतून जाई. साठे साहेब माझ्याशी बोलायचे बंद झाले. पण हळूहळू कामगारांना पिवळ्या पत्त्याची सवय लागली. नावं दहावर आली, चारवर आली.

एका सुट्टीच्या वारी गिरणी पूर्ण बंद होती. आठवड्याची यादी छापायला अण्णा आणि मी दोघेच दुपारी ऑफिसात आलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदाच यादी कोरी येणार होती, सगळे पिवळे पत्ते मी स्वतः जुळवले होते. मी तर म्हटलं होतं, अण्णा, आज पेढे तुमचे. मशीनने मथळा छापला, आत असलेले. मग एक ओळ. नाव नाही, खातं नाही. फक्त नंबर, सातशे चौदा.

तो नंबर आमच्याकडे नव्हताच. मी सगळ्या पेट्या उपसल्या, पत्त्यांची रास दोनदा चाळली. "टेपवर काहीतरी कचरा राहिला असेल, अण्णा. मुंबईला कळवू." अण्णांनी कागद फाडून हातात घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, हे मी शपथेवर सांगते. पाहुण्याचं पत्र यावं तसे ते त्या ओळीकडे बघत होते. "कचरा न्हाई, बाई. आता कुटं बरोबर छापलं. आतला माणूस आत म्हणून छापला."

"आता काय करायचं?"

"नियमात काय लिहिलंय? कुणीतरी जाऊन डोळ्यांनी बघायचं की." त्यांनी ड्रॉवरमधून दाखल्याचा एक कोरा फॉर्म काढला, पेन्सिलींना टोक केलं आणि टोपी घातली. मी म्हटलं, थांबा, फाटकावरच्या रसूलभाईंना बरोबर घ्या. ते हसले. त्यांना हसताना मी तेव्हाच बघितलं. "दोघं गेलो तर तो बुजंल," म्हणाले आणि गेले. खिडकीतून मला दिसलं. त्यांनी स्वतःचा पांढरा पत्ता पेटीत टाकला आणि ते फाटकातून आत गेले.

चार वाजले, पाच वाजले. मी फाटकावर गेले. रसूलभाई पहारेकरी स्टुलावर बसून होते. अण्णा आले का, मी विचारलं.

"हौ, आये ना. अंदर गये सो मैं देखा. घंटे भर के बाद बाहर आये. सर पे, कंधों पे रुईच रुई. मैं सलाम करा, तो कुछ बोले नै. पेटी में कागज डाले, चले गये उधर, गाँव की तरफ."

"तोंड बघितलंत का त्यांचं, रसूलभाई?"

"नै, बाई. पीठ देखा मैं. अन्ना थोडे ठिगने लगे मेरेकू. मैं समझा झुक के चल रै."

आम्ही पिवळी पेटी उघडली. आत अण्णांचा पिवळा पत्ता नव्हता. एकच दाखला होता, हिरव्या पेन्सिलीने भरलेला. कामगार सातशे चौदा. डोळ्यांनी पाहिला. बाहेर गेला. खाली सही, मल्लिनाथ कलशेट्टी. मी तो नंबर आणि पांढऱ्या पेटीतला अण्णांचा पत्ता मशीनला दिला आणि यादी पुन्हा छापली. सातशे चौदाची ओळ गेली होती. तिच्या जागी कलशेट्टी म. होते.

गोदाम उपसलं. पाच दिवस लागले, शेवटची गाठ बाहेर काढून फरशी झाडली. विहीर बघितली, कोठारं, गटारं, वाफेच्या नळांचा भुयारी रस्ता, काही सोडलं नाही. पोलिसांनी अक्कलकोटपर्यंत, पार गुलबर्ग्यापर्यंत चौकशी केली. अण्णा कुठेच नव्हते. टोपीसुद्धा मिळाली नाही. फक्त गोदामाच्या भिंतीवर, सात जुन्या रेघांच्या शेजारी, कुणीतरी आठवी रेघ ओढली होती. हिरव्या पेन्सिलीने.

वर्ष गेलं. रोजच्या यादीत तेवढं एक नाव. साठे साहेब थकले होते, आवाज उतरला होता. एक दिवस त्यांनी मला बोलावलं, समोर खुर्चीवर अण्णांच्या बायको नीलव्वा बसल्या होत्या. त्यांना मी एकदोनदाच पाहिलं होतं. टेबलावर दाखल्याचा फॉर्म होता. साहेब म्हणाले, "बाई, अण्णा आत आहेत असं आपलंच मशीन म्हणतं, म्हणून यांचं हक्काचं काही देता येत नाही. त्यांना शेवटचं पाहिलेल्या तुम्ही. बाहेर पडताना पाहिले एवढं लिहा आणि सही करा. रसूल तर पाठ बघितली म्हणतो. कोणाचं नुकसान आहे?"

नुकसान कोणाचंच नव्हतं. समोर बाई बसली होती, वर्षभर शिवणकाम करून दोन मुलांना वाढवत होती, आणि माझ्या एका सहीने तिचं ओझं उतरणार होतं. मी पेन उचललं. खोटं कशाला बोलू, मी सही करणार होते. मनात म्हणत होते, अण्णा, माफ करा, पोट हाय.

नीलव्वांनी माझा हात धरला. त्यांचं मराठी अण्णांपेक्षाही तुटकं. "ताई, बगितलं काय तुमी? बाहेर येताना?"

साहेब म्हणाले, "अहो, त्यांनी बघितलंच असणार."

"साहेब, तुमी नका. ताईनं सांगायचं."

मी त्यांच्याकडे बघितलं आणि माझ्याच्याने झालं नाही. "नाही," मी म्हटलं. "जाताना बघितलं. येताना नाही."

त्यांनी माझ्या बोटांतून पेन हळूच काढून घेतलं आणि टेबलावर ठेवलं. मग पदर सावरून उठल्या.

"त्या दुसऱ्या बाईला ह्येंनी बोट दाखवलं होतं. रोज मला सांगायचे. मला तसं नको." दाराशी जाऊन त्या वळल्या. "ते आत हाईत. तसंच लिव्हा."

त्या दिवशीची यादी मी तशीच छापली.